गरवायला जायचंय, पण झोपायचं कशावर?

मागच्या अंकात कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरांमधल्या उंचावरच्या तळ्यांवर ट्राउट गरवण्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आली त्यात माशांबद्दल कमी आणि पाठीबद्दल जास्त विचारलंय. बरोबरच आहे म्हणा, गाडी सोडून पाच-सहा मैल आत चालत गेल्यावर रात्रभर कुडकुडत काढली तर सकाळी गळ टाकायला उठणार कोण. म्हणून यावेळी फक्त मॅट, उशी, खुर्ची, डास, पाय. मासे पुढच्या अंकात.

प्रश्न: नमस्कार दादा, आम्ही तिघं मित्र आणि माझे बाबा (वय ६४, साताऱ्याहून आलेत) जुलैच्या शेवटी लोन पाइन गावाच्या वरच्या कॉटनवुड लेक्सला तीन रात्री जाणार आहोत, गोल्डन ट्राउटसाठी. बाबांना नदीवर गळ टाकून बसायची सवय आहे पण तंबूत झोपायची नाही. दुकानात मॅट बघायला गेलो तर साठ डॉलरपासून दोनशेच्या वरपर्यंत, आणि सगळ्यांवर आर-व्हॅल्यू लिहिलेली. एवढा फरक खरंच पडतो का, की नुसती किंमत वाढवलीय? – एक वाचक, सॅन होजे

उत्तर: फरक पडतो, पण आकडा कशाचा ते कळलं पाहिजे. तुमच्या अंगातली ऊब जमिनीत जायला मॅट किती अडवते त्याचा तो आकडा, जितका जास्त तितकी मॅट गरम. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं मोजायची त्यामुळे याची त्याच्याशी तुलना करण्यात काही अर्थ नव्हता, २०१८ मध्ये एएसटीएम एफ३३४० हे स्टँडर्ड आलं आणि पुढच्या दोनेक वर्षांत मोठ्या ब्रँड्सचे आकडे एकाच मोजपट्टीवर आले, म्हणजे एक गरम प्लेट, एक गार प्लेट, मध्ये मॅट, आणि गरम प्लेट तेवढीच गरम ठेवायला किती वीज खर्च होते ते बघायचं. जुनी सेकंडहँड मॅट घेत असाल तर तिच्यावरच्या आकड्यावर फार विसंबू नका.

लोक काय करतात, स्लीपिंग बॅगवर तीनशे-चारशे डॉलर घालतात आणि खाली काहीतरी पातळ टाकतात. बॅगेतली पिसं फुगलेली असतात तोवरच ऊब धरतात, आणि पाठीखाली आली की चेपून पापड होतात, त्यामुळे खालून तुम्हाला वाचवणारी एकच गोष्ट म्हणजे मॅट. बॅगेवर जे तापमान छापलेलं असतं तेसुद्धा चांगल्या मॅटवर झोपलाय असं धरूनच काढलेलं असतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, बजेट कमी असेल तर आधी अंगाखालचं बघा, अंगावर एक जॅकेट जास्त घालता येतं, खाली घालायला काही नसतं.

कॉटनवुड लेक्स साधारण ११,००० फुटांवर आहेत, जुलैअखेरीसुद्धा पहाटे ३-४ अंश सहज, एखाद्या रात्री शून्यही होतं. तिथे आर ४ च्या खाली मी जाणार नाही. उदाहरण म्हणून दोन मॅट घ्या: थर्मारेस्टची झी लाइट सोल, घडीची फोमची, आर २, वजन ४१० ग्रॅम, जाडी २ सेंटिमीटर. आणि त्यांचीच हवेची एक्सलाइट एनएक्सटी, आर ४.५, वजन ३७० ग्रॅम, जाडी साडेसात सेंटिमीटर. म्हणजे हलकी, जाड आणि दुपटीहून गरम, आणि किंमत तिपटीच्या पुढे. नेमो, सी टू समिट, एक्स्पेड यांच्याही अशाच आहेत, ब्रँडवरून भांडत बसू नका, आकडा, वजन आणि रुंदी बघा. एक्सथर्म वगैरे आर ७ च्या वरच्या मॅट बर्फासाठी, जुलैत त्यासाठी जादा पैसे घालायची गरज नाही.

आता बाबांचं. साताऱ्याच्या घरी ते गादीवर किंवा सतरंजीवर झोपत असतील, कुठेही झोपोत, पण ५१ सेंटिमीटर रुंदीच्या मॅटवर त्यांचे हात दोन्ही बाजूंनी खाली पडणार आणि ते हैराण होणार. त्यांच्यासाठी ६४ सेंटिमीटरची रुंद मॅट घ्या, थोडं वजन वाढेल, ते तुम्ही तिघांनी वाहा. दुकानात घेण्याआधी झोपवून बघा, आणि गच्च फुगवून नाही. कुशीवर झोपायला सांगा आणि व्हॉल्व्ह दाबून थोडी थोडी हवा सोडा, खुब्याचं हाड जमिनीला टेकायच्या एक बोट आधी थांबा, तिथे खरी मजा आहे. टणक फुगवलेल्या मॅटवरून माणूस रात्रभर घसरत असतो आणि मग म्हणतो मला हवेची मॅट झेपत नाही. कुशीवर झोपणाऱ्याला जाडी लागते, उताण्या झोपणाऱ्याला कमी चालते.

शिवाय एक साधी फोमची मॅट ग्रुपमध्ये असू द्याच. आर-व्हॅल्यूची बेरीज होते, ४.५ च्या खाली २ ची घातली की साडेसहा, खडे टोचायची भीती कमी, आणि हवेची मॅट फुटली तर निदान पहाटेपर्यंत निभावतं. दिवसा तीच तळ्याकाठी बसायला.

आणखी दोन गोष्टी विचारल्या नाहीत तरी सांगतो. लोन पाइन पावणेचार हजार फुटांवर, तुमची वाट जिथून सुरू होते तो हॉर्सशू मेडोचा पार्किंग लॉट १०,००० वर, गाडीतून उतरून तसंच वर चढायला लागलात तर बाबांना पहिल्या रात्री मॅटमुळे नाही, उंचीमुळे झोप लागणार नाही. एक रात्र तिथेच, ट्रेलहेडच्या म्हणजे वाटेच्या सुरुवातीच्या कॅम्पग्राउंडवर काढा. आणि फिशिंग लायसन्स कॅलिफोर्नियात १६ किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला लागतं, पाहुणे म्हणून आलेल्या बाबांनाही, शिवाय कॉटनवुडच्या तळ्यांना खास नियम आहेत ते निघण्याआधी वाचा.

प्रश्न: दादा, हवेची महागडी मॅट घेतली, रात्री टणक, पहाटे ढिली. दुकानातून एकदा बदलून आणली तरी तेच. मिस्टर म्हणतात लीक आहे, मी म्हणते थंडीमुळे. आमच्यात कोण बरोबर? आणि लीक असेल तर जंगलात शोधायचं कसं? – फ्रीमाँटहून एक वाचक

उत्तर: ताई, बहुतेक तुम्ही बरोबर, पण मिस्टरांना लगेच सांगू नका, आधी खात्री करा. संध्याकाळी २० अंशाला भरलेली हवा पहाटे ३ अंशाला जवळपास ६ टक्के आकसते, त्यात तोंडानं फुगवली असेल तर श्वास अजून गरम असतो म्हणून अजून जास्त. झोपायच्या आधी, हवा गार झाल्यावर दोन-तीन फुंकरा वरून मारा, एवढंच. घरात चोवीस तास फुगवून ठेवा, वर एक जाड पुस्तकांचा ढीग, आणि खोलीचं तापमान तेच असताना खाली बसली तर मग लीक.

शोधताना पहिला संशय व्हॉल्व्हवर. वाळूचा एक बारीक कण रबराच्या कडेला बसला की रात्रभर हवा जात राहते, आणि आवाजही येत नाही. व्हॉल्व्ह ओल्या रुमालानं पुसा, परत लावा. तरी नाही थांबलं तर मॅट गच्च फुगवून भांड्यात थोडं साबणाचं पाणी करून हातानं एकेका पट्ट्यावर फासा, बुडबुडा येईल तिथे बॉलपेननं गोल करा, कारण पाणी पुसल्यावर ते भोक परत सापडत नाही हे लिहून घ्या. साबणाचं पाणी तळ्यात किंवा ओढ्यात टाकायचं नाही, लांब मातीत. मग हवा काढा, जागा स्पिरिटच्या पट्टीनं पुसा, पूर्ण वाळू द्या, पॅच दाबून लावा आणि त्यावर काहीतरी जड ठेवून चहा घ्या. हे सगळं दुपारी. रात्री हेडलॅम्पच्या उजेडात कोणालाही जमत नाही.

आणि मासे धरणाऱ्यांच्या मॅटला भोक पडायचं कारण दहातून नऊ वेळा खडा नसतो, गळ असतो. रॉड तंबूत आडवा ठेवलेला, टोपीला खोचलेली माशी (म्हणजे गळावर बांधलेली नकली माशी), शर्टाच्या खिशातला जिग, म्हणजे वजन लावलेला गळ. सगळ्यात वाईट सवय म्हणजे फिशिंग व्हेस्टची घडी करून उशाला घेणं, त्याच्या छातीवरच्या लोकरीच्या तुकड्यावर चार-पाच माश्या लावलेल्या असतात आणि त्या मॅटवरच येतात, नशीब खराब असेल तर कानावर. नियम करा की गळ असलेली कुठलीही वस्तू तंबूच्या चेनच्या आत येणार नाही. रॉडचं सामान बाहेर, नळीत. गळाच्या टोकाचा उलटा काटा, म्हणजे बार्ब, चिमट्यानं दाबून टाकलेला असेल तर उत्तमच, बऱ्याच पाण्यांवर तसाही बार्बलेसचाच नियम असतो, आणि बोटात घुसला तरी सुटतो.

दिवसा गरवायला जाताना मॅटचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून जा. उन्हात तंबू भट्टीसारखा तापतो, हवा फुगते आणि आतले पडदे सुटतात, मग मॅटला मधोमध टेंगूळ येतं आणि त्याला पॅच नसतो.

प्रश्न: काका, मी पुण्यात असतो, कॉलेजला आहे. ऑगस्टमध्ये काश्मीर ग्रेट लेक्सला जातोय, तिथे ट्राउट आहे म्हणून रॉड पण नेणार. ट्रेकवाले स्लीपिंग बॅग आणि मॅट देतात म्हणाले. मागच्या वेळी एका ग्रुपबरोबर हिमाचलला गेलो तेव्हा मिळालेली मॅट पुठ्ठ्यासारखी होती, रात्रभर कमरेत गार. स्वतःची घ्यावी का? बजेट फार नाही. – एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर: बजेट नाही तर हवेची घेऊ नकोस, इथल्या किमती बघून उगाच जीव खालीवर करू नकोस. आपल्याकडे सह्याद्रीत जी गुंडाळीची कॅरीमॅट नेतो, आठ-दहा मिलिमीटरची, ती घरात असेलच किंवा कुणाकडून तरी मिळेलच. ती ने आणि ट्रेकवाल्यांची मिळेल तिच्यावर टाक. दोन फोम एकावर एक म्हणजे बेरीज, वर सांगितलं तसंच, आणि भिजली तरी फडक्यानं पुसून कोरडी, भोक पडलं तरी मॅट ती मॅटच. राजगडावर एक पुरते म्हणून तिकडेही पुरेल असं समजू नकोस, सोनमर्गहून वर गेल्यावर विशनसर ३,७०० मीटरच्या आसपास आहे, तिथली जमीन दगडाची नाही, गवताची, मऊ असते पण ओली, आणि ओली जमीन कोरड्यापेक्षा जास्त ऊब ओढते. तंबूच्या तळाखाली एक प्लॅस्टिकचा कागद घाल, बाहेर कडेला येणार नाही असा कापून, नाहीतर पावसाचं पाणी त्याच्यावरून आत.

निघण्याआधी ट्रेकवाल्यांना फोन करून सरळ विचार, मॅट किती मिलिमीटरची, बॅग किती अंशाची आणि तो आकडा कम्फर्टचा की लिमिटचा. बॅगेवर दोन आकडे असतात, कम्फर्ट आणि लिमिट, लिमिट म्हणजे गडी कुडकुडत निभावेल तो, तुला कम्फर्टचा बघायचाय. उत्तर देताना अडखळले तर घरून एक लाइनर, म्हणजे बॅगेच्या आत घालायची पातळ पिशवी, ने.

रॉडचं, चार किंवा जास्त तुकड्यांत होणारा ने, विमानात चेक-इनमध्ये टाक. विशनसर, कृष्णसर, गडसर इथे ब्राउन ट्राउट आहे पण परमिटशिवाय गळ टाकायचा नाही, जम्मू-काश्मीरच्या मत्स्य विभागाचं परमिट लागतं, ते श्रीनगरमध्येच आधी कर, वर गेल्यावर कोणी देणार नाही. ट्रेकचा ग्रुप असल्यामुळे गरवायला वेळ मिळणार तो संध्याकाळी कॅम्पवर पोचल्यावर, तेव्हा कोरडे मोजे आणि दुसरी पँट पिशवीत बांधून ठेव, ओल्या पायानं बॅगेत शिरलास तर दोन काय चार मॅट घाल, ऊब येणार नाही.

प्रश्न: सासूबाईंनी गावाहून हाताने शिवलेली गोधडी आणि एक घोंगडी पाठवलीय, आमचे हे म्हणतात कॅम्पिंगला हीच नेऊ, कशाला ते नायलॉनचं सामान. चालेल का? मुलं ७ आणि १०. – सॅक्रामेंटोहून

उत्तर: गाडीपाशी तंबू लावणार असाल तर खुशाल न्या, मुलं सुद्धा आनंदानं झोपतील. पाठीवर घेऊन चालायचं असेल तर नाही. गोधडी सुती, एकदा दव प्यायली की ओझं दुप्पट आणि ऊब निम्मी, आणि डोंगरात वाळत नाही. घोंगडीचं वेगळं, लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरते, धनगर पावसात उगाच नाही तीच घेऊन फिरत, पण दोन-अडीच किलोची वस्तू पाठीवर घेऊन सहा मैल चढायचं आणि रॉड, जेवण, मुलांचं सामान वेगळं... ह्यांना एकदा घरापासून बागेपर्यंत उचलून बघायला सांगा. मधला मार्ग: मुलांना फोमच्या मॅट (मुलं कशावरही झोपतात, त्यांना महागडी घेऊ नका, ती त्यावर उड्या मारणार), वर साध्या सिंथेटिक बॅगा, आणि घोंगडी पहिल्या रात्री ट्रेलहेडवर गाडीपाशी.

प्रश्न: मॅट आहे, बॅग आहे. अजून काय न्यावं म्हणजे पन्नाशीतल्या माणसाला आराम वाटेल, पण सॅक फुगणार नाही? खुर्ची नेणारे लोक बघितले, हसावं की घ्यावी कळेना. डासांनी मागच्या जुलैत फार छळलं. – एक वाचक, डब्लिन, कॅलिफोर्निया

उत्तर: हसू नका, घ्या. किंवा थांबा, आधी हे बघा: सिएरात बऱ्याच ठिकाणी जेवण ठेवायला अस्वलाचा डबा सक्तीचा आहे, बेअर व्हॉल्टचा मोठा डबा सव्वा किलोच्या आसपास आहे, तो तुम्ही वाहणारच आहात, आणि त्याच्यावर फोमचा तुकडा टाकला की उत्तम स्टूल होतं. पाठ टेकायलाच हवी असेल तर अर्ध्या किलोच्या घडीच्या खुर्च्या मिळतात, पण त्या फार बुटक्या असतात, गुडघे कुरकुरत असतील तर त्यातून उठताना बायकोचा हात लागतो. दुकानात बसून नव्हे, उठून बघा.

उशी मात्र नक्की. फुगवायची शंभर ग्रॅमच्या आतली येते, त्यावर स्वतःचा फ्लीस गुंडाळला की गालाला प्लॅस्टिक लागत नाही. मान आखडली की दिवसभर गळ फेकताना खांदा बोलतो, हे पन्नाशीत कोणी सांगायला लागत नाही.

डासांचं जरा लांबड लावतो, कारण मासे धरणाऱ्यांचा इथे वेगळाच घोळ होतो. डीट हे डासांचं औषध लावलेल्या हातानं फ्लाय लाइन, म्हणजे नकली माशी फेकायची दोरी, धरली की तिचं वरचं प्लॅस्टिक खराब होतं, लाइन चिकट होते, तडकते, आणि चष्म्याची फ्रेम, घड्याळाचा पट्टा, त्यांचंही तेच. वीस टक्क्यांचं पिकारिडिन घ्या, ते प्लॅस्टिक खात नाही आणि वासही सौम्य. कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारतात ते फार चांगलं काम करतं पण ते ओलं असताना माशांना आणि पाण्यातल्या किड्यांना विष आहे, आणि तेच किडे खाऊन ट्राउट मोठा होतो, म्हणजे आपणच आपल्या ताटात माती. ते घरी, बाहेर दोरीवर टांगून मारा, पूर्ण वाळवा, मांजर असेल तर लांब ठेवा, आणि तळ्याकाठी बाटली न्यायचीच नाही. तोंडाला जाळी, तीस ग्रॅमचीही नसते, आणि काळ्या रंगाची घ्या, पांढऱ्यातून पाण्यावरची माशी दिसत नाही.

डासांचा आणि थंडीचा दोन्हीचा अर्धा उपाय तंबूच्या जागेत आहे. सगळ्यांना पाण्याला लागून तंबू हवा असतो, फोटोसाठी. रात्री गार हवा जड होऊन खाली उतरते आणि तळ्याच्या खोलगटात साचते, तिथेच दव, तिथेच डास, आणि सकाळी बॅग ओली. नियमही पाण्यापासून किमान शंभर फुटांचा असतो, पण नुसतं लांब जाऊ नका, वर जा. पन्नास-साठ फूट वर एखादा सपाट टप्पा बघा, जिथे थोडा वारा लागतो आणि वर झाड आहे. उघड्या आभाळाखाली जास्त दव पडतं, पाइनच्या फांदीखाली कमी. फक्त वाळलेली फांदी वर लोंबत नाही ना ते मान वर करून बघा.

राहिले पाय. वितळत्या बर्फाच्या पाण्यात सँडल घालून दिवसभर उभं राहायचं आणि मग पायाची कातडी आंब्याच्या सालीसारखी सुरकुतलेली, तशीच बुटात घातली की फोड ठरलेला. संध्याकाळी पाच वाजता कितीही मासे उठत असले तरी बाहेर या, पाय पुसा, अर्धा तास उघडे ठेवा. लोकरीचा एक जोड फक्त झोपायचा, तो बॅगेतच राहतो, त्यात तंबूबाहेर एक पाऊल टाकायचं नाही. फार गार असेल तर जाड प्लॅस्टिकच्या नालजीन बाटलीत गरम पाणी भरून ती दुसऱ्या मोज्यात घालायची आणि पायाशी ठेवायची, पाण्याची पातळ विकतची बाटली चालत नाही, ती आक्रसते आणि गळते. झाकण दोनदा बघा.

मासा साफ केलेले कपडे घालून झोपू नका, अस्वलाला डब्यातलं मिळालं नाही तर ते वासामागे येतं. ते कपडे तंबूत आणायचे नाहीत, हात, चेहरा धुऊनच झोपा, तेही भांड्यात पाणी घेऊन तळ्यापासून लांब.